नदीकाठचे तंबू नेमके कुठे? कुंडलिकेकाठच्या एका शनिवार-रविवारचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातल्या आठ मित्रमैत्रिणींचा हा गट. पाच पुरुष, तीन स्त्रिया, सगळे चाळिशीच्या आसपासचे, एकाच कॉलेजातून बाहेर पडलेले. मुलांना आजी-आजोबांकडे ठेवून जानेवारीतला एक शनिवार-रविवार रायगड जिल्ह्यातल्या कोलाडजवळ कुंडलिका नदीच्या काठच्या जंगल कॅम्पवर काढायचा, एवढंच ठरलेलं. ग्रुपवरचा ठराव होता, "काहीही प्लॅन नको, नुसतं पडून राहायचं."

ओळख पटू नये म्हणून इथे नावं दिलेली नाहीत, कॅम्पचाही उल्लेख नाही, आणि काही फुटकळ तपशील बदलले आहेत. माणसांना कामावरून ओळखू. बुकिंग करणारी ती समन्वयक. एक सिव्हिल इंजिनिअर, एक फिजिओथेरपिस्ट. एकाला रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि एकाला पोहता येत नाही. बाकी तिघांचा उल्लेख लागेल तसा येईल.

बुकिंग माणशी ३,२०० रुपयांचं होतं. त्यात एक रात्र तंबू, शनिवारचा चहा-भजी आणि रात्रीचं जेवण, रविवारचा नाश्ता, राफ्टिंग आणि दुपारचं जेवण. 'रिव्हर व्ह्यू' तंबूसाठी माणशी ४०० रुपये जास्तीचे. आठ जणांचे २८,८०० झाले, निम्मे आगाऊ भरले. बुकिंग घेणारा माणूस कॅम्पचा नव्हता, मुंबईतला एजंट होता. तंबू काठापासून किती लांब आणि पाण्यापासून किती उंच, हे त्याला कोणी विचारलं नाही. त्यालाही ते माहीत नसावं.

नदीचं गणित

पुढचं सगळं कुंडलिकेच्या एका वैशिष्ट्यावर उभं आहे, म्हणून ते आधी.

पावसाळा सोडला तर कुंडलिकेत वाहणारं बरंचसं पाणी तिचं स्वतःचं नसतं. ते मुळशी धरणातून येतं. मुळा नदी पूर्ववाहिनी, तिचं पाणी भीमेतून कृष्णेकडे जायचं. पण मुळशीला ते अडवून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवलं आहे आणि सुमारे ५०० मीटर खाली कोकणात भिऱ्याच्या वीजगृहावर सोडलं आहे. हे वीजगृह १९२७ पासून चालू आहे. ज्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला, तेच हे धरण. भिऱ्याहून निघालेलं पाणी पुन्हा अडवून त्यावर ८० मेगावॉटचा आणखी एक सरकारी प्रकल्प चालतो, आणि तिथून ते कुंडलिकेत येतं. ताम्हिणी घाटाने येणारे पुणेकर ज्या जलाशयाच्या कडेने गाडी चालवतात, त्याच पाण्यात दुसऱ्या दिवशी राफ्टिंग करतात. फार थोड्यांना हे ठाऊक असतं.

याचा व्यवहारातला अर्थ असा की जानेवारीत ही नदी विजेच्या मागणीवर चालते. साधारण रोज सकाळी पाणी सोडलं जातं, ते भरात असताना साजे ते कामत या सुमारे बारा किलोमीटरच्या पट्ट्यात राफ्ट सुटतात, आणि दुपारनंतर पात्र उघडं पडायला लागतं. पण सकाळी पाणी येणं हा रिवाज आहे, नियम नाही. मागणी वाढली तर पाणी लवकर किंवा जास्त येऊ शकतं. रविवारी कारखाने-कचेऱ्या बंद, म्हणून ते उशिराही येऊ शकतं. आभाळ निरभ्र असतं, गडगडाट नसतो, पाणी गढूळ होत नाही. पुराची जी लक्षणं आपण लहानपणापासून ओळखतो, त्यातलं एकही इथे दिसत नाही.

अडचण

गट दुपारी साडेतीनला पोचला. कॅम्प दोन टप्प्यांत होता. वरच्या टप्प्यावर स्वयंपाकघर, जेवणाची शेड, संडास-बाथरूम, जनरेटर, दोन कौलारू खोल्या आणि आंब्याची पाच-सहा झाडं. तिथून दगडी पायऱ्या उतरून खाली आलं की गोट्यांचा आणि वाळूचा एक लांबट उंचवटा, आणि त्यावर चार घुमटाकार तंबू. दारं नदीकडे. पाणी सहा मीटरवर. ज्यासाठी माणशी ४०० रुपये मोजले ते दृश्य खरोखरच होतं: समोरच्या काठावर गर्द झाडी, मधे हिरवं संथ पाणी, खडकावर बसलेला एक खंड्या.

इंजिनिअरने चहाच्या आधी एक सरळ बांबू मागून घेतला. बांबू आडवा धरून, त्यावर मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप ठेवून त्याने टप्प्याटप्प्याने उंची काढली. ही पद्धत कामचलाऊ आहे, पाच-सात सेंटिमीटरची चूक सहज होते, पण इथे तेवढी पुरते. आकडे असे आले:

पाण्यापासून तंबूच्या तळापर्यंत सुमारे ११० सेंटिमीटर.
पाण्यापासून ताज्या कचऱ्याच्या रेषेपर्यंत सुमारे ८० सेंटिमीटर.

ही दुसरी रेषा नीट वाचायला हवी. काठच्या मुळांत अडकलेला कचरा दोन प्रकारचा असतो. पावसाळ्यातला वाळलेला, पांढरट पडलेला, हाताने चुरडला की भुगा होणारा असतो, आणि तो माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवरही सापडतो. जानेवारीत त्यावरून काहीच ठरवता येत नाही. ताजा कचरा म्हणजे अजून लवचीक असलेली हिरवी पानं, ओलसर काटक्या, कालच्या जेवणातली पत्रावळ. रोजचं पाणी कुठवर चढतं ते हा ताजा कचरा सांगतो. म्हणजे रोजच्या पाण्यापेक्षा तंबू फक्त ३० सेंटिमीटर वर होते, एका वितीहून थोडं जास्त.

व्यवस्थापक म्हणाला, "सर, सात वर्षं तंबू इथंच आहेत. पाणी आठला येतं, तोपर्यंत तुम्ही उठलेलेच असता." हे खोटं नव्हतं.

खरी मेख राफ्टिंगच्या गाइडने दाखवली. जवळच्याच गावातला तिशीचा मुलगा, बोटी धूत होता. समन्वयकाने त्याला विचारलं, "दादा, रात्री कधी पाणी येतं का?" तो म्हणाला, "ठरलेलं नाय ताई. येतं कधीमधी." आणि मग हातातल्या पाइपानेच तंबूंच्या मागची बाजू दाखवून म्हणाला, "पाणी पुढून नाय येत, इकडून येतं."

तंबूंच्या आणि पायऱ्यांच्या मधे एक उथळ पन्हळ होतं. कोरडं, गोट्यांनी भरलेलं, आठ पावलांत ओलांडता येणारं. उतरताना सगळे त्यातूनच आले होते, पण कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. इंजिनिअरने तिथेही बांबू लावला. पन्हळाचा तळ पाण्यापासून सुमारे ६० सेंटिमीटर वर, म्हणजे ताज्या कचऱ्याच्या रेषेच्या २० सेंटिमीटर खाली. रोज सकाळी पाणी आधी या पन्हळातून वाहतं आणि तंबूंच्या उंचवट्याचं बेट होतं. तंबू कोरडे राहतात, पण मागे परतायची वाट बंद होते.

रोजच्या २० सेंटिमीटर पाण्यात हे बेट निरुपद्रवी आहे, घोट्याच्या थोडं वर येणाऱ्या पाण्यातून कोणीही चालत जाईल. पण नेहमीपेक्षा आणखी ३० सेंटिमीटर पाणी आलं, तर तंबूच्या दाराशी ओल पोचते त्याच वेळी मागच्या पन्हळात अर्धा मीटर वेगवान पाणी असतं. गुडघ्याएवढं वाहतं पाणी मोठ्या माणसाचे पाय उचलतं. काळोखात, झोपेतून उठून, गोट्यांवर, एकाला पोहता येत नसताना तर विचारायलाच नको. पाणी पुढून येणार असं धरलं की माणूस पुढे बघत बसतो. नदीपात्रातल्या तंबूंचे अपघात अशा मागच्या वाटेनेही होऊ शकतात.

कोणते पर्याय होते

सव्वाचार वाजले होते. सूर्यास्त सव्वासहाच्या सुमाराला, म्हणजे काहीही हलवायचं तर दोन तास हातात.

पहिला पर्याय, जिथे आहेत तिथेच झोपायचं आणि आळीपाळीने पहारा ठेवायचा. दोघांचा याला जोरदार पाठिंबा होता. पैसे दृश्याचे दिलेत, सात वर्षांत काही झालेलं नाही, आणि पाच वाजता गजर लावू. पहाऱ्याची अडचण अशी की तो जेवणानंतर, दोन-दोन पेग झाल्यावर, थंडीत, मित्रांच्याच भरवशावर असतो. पहाटे तीनला तो झोपतो. गजरही पाणी कधी येणार हे माहीत असेल तरच उपयोगाचा.

दुसरा, तंबू वरच्या टप्प्यावर आंब्याखाली हलवायचे. नदी दिसणार नाही, जनरेटर वीस मीटरवर, संडास जवळ (एकीने हा फायदा म्हणून मांडला, दुसऱ्याने तोटा म्हणून).

तिसरा, दोन कौलारू खोल्या घ्यायच्या. त्यांचे ४,००० रुपये वेगळे, आणि आठ जण दोन खोल्यांत म्हणजे धर्मशाळाच. तंबूत झोपायला आलो आणि खोलीत झोपलो, याचंही वाईट वाटणार होतं.

चौथा, निघून जाऊन कोलाडला किंवा माणगावला लॉज बघायचा. आगाऊ रक्कम बुडणार. यावर गंभीरपणे कोणी बोललं नाही.

मत घ्यायचं का, असं विचारलं गेलं तेव्हा फिजिओथेरपिस्टने एक वेगळी रीत सुचवली. कुठे बसायचं, काय खायचं, किती वाजता उठायचं यावर बहुमत. कुठे झोपायचं आणि पाण्यात उतरायचं की नाही यावर एकाचा नकार पुरे. ज्याला पोहता येत नव्हतं तो तोवर गप्प होता, मित्रांत भित्रा कोण ठरवून घेणार? ही रीत मान्य झाल्यावर तो सरळ म्हणाला, "मी खाली झोपणार नाही." वाद तिथे संपला. दोघे नाराज झाले, पण त्यांनी ओढून धरलं नाही.

या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हा होता, असं आमचं मत आहे. तंबू हलवणं हा त्याचा परिणाम. बांबूने काढलेल्या आकड्यांवर तासभर वाद घालता आला असता, आणि तो घालणारे जिंकलेही असते.

काय केलं

चार तंबू हलवायला कॅम्पचे दोघे आणि गटातले चौघे मिळून चाळीस मिनिटं लागली. घुमटाकार तंबू सामान काढून, खुंट्या उपटून, उभाच उचलून नेता येतो. काठ्या सोडवायच्या नाहीत. आंब्याखाली जागा निवडताना वर बघून वाळकी फांदी कुठे आहे ते पाहिलं, आणि एक तंबू तेवढ्यासाठी चार पावलं सरकवला. जनरेटर रात्री अकराला बंद करायचं व्यवस्थापकाने कबूल केलं. ४०० रुपयांचा विषय समन्वयकाने त्याच वेळी काढला, दुसऱ्या दिवशीच्या हिशोबावर ढकलला नाही. निम्मे परत मिळायचं ठरलं.

संध्याकाळ मात्र खालीच काढली. तशी सोय करता येते, फक्त तीन गोष्टी लागतात. पाण्याच्या कडेला एक काठी रोवून तिच्यावर खडूने खूण केली. न पिणाऱ्या एकाने दर अर्ध्या तासाने ती बघायची. आणि खुर्च्या पन्हळाच्या अलीकडे, पायऱ्यांच्या बाजूला मांडल्या. रात्री साडेनऊला सगळे वर.

तिथे पोपटी लावली. जानेवारीत रायगडात आलात आणि पोपटी खाल्ली नाहीत तर आलात कशाला! मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा आणि जाडं मीठ, मधे हळद-मसाला लावलेली कोंबडी आणि अंडी, पुन्हा शेंगा, आणि तोंड पाल्यानेच घट्ट दाबून बंद. पाण्याचा थेंब घालायचा नाही, शेंगांच्या आणि पाल्याच्या वाफेवरच शिजतं. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा आणि वाळकी लाकडं पेटवायची. साधारण अर्धा-पाऊण तास. मडक्यावर पाणी शिंपडल्यावर ते चर्रर्र करून लगेच उडून गेलं की झालं.

आगीभोवती कोणीतरी नदीतले गोल गोटे आणून रचायला घेतले, ते गाइडने थांबवलं. पाण्यात राहिलेल्या दगडाच्या भेगांत ओल असते, ती तापली की दगड फुटतो आणि कपच्या उडतात. वरचे कोरडे दगड वापरले. थंडी वाढल्यावर निखाऱ्यांची घमेली तंबूत नेऊ का, असाही प्रश्न आला. त्याला उत्तर एकच आहे: कधीही नाही. बंद तंबूत निखाऱ्याचा कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. जास्तीची पांघरुणं मागून घेतली.

रविवार

पाणी सकाळी सात वाजून पन्नास मिनिटांनी चढायला लागलं. साडेआठपर्यंत मागच्या पन्हळात ते गुडघ्याच्या थोडं खाली होतं, म्हणजे नेहमीपेक्षा जरा जास्त. तंबूंची रिकामी जागा कोरडीच राहिली.

साहजिकच, नाराज असलेल्या दोघांनी नाश्त्याला पोहे खाता खाता हिशोब मांडला: खाली झोपलो असतो तरी काही झालं नसतं. हे बरोबर आहे. पण त्यावरून निर्णय चुकला असं ठरत नाही. शनिवारी साडेचारला हातात जी माहिती होती, ती रविवारी साडेआठला बदललेली नव्हती. रात्री पाणी आलं नाही, एवढीच भर पडली. बहुतेक रात्री ते येत नाहीच.

राफ्टिंगबद्दल थोडक्यात, कारण तिथे सगळं नीट झालं. संस्थेकडे पर्यटन संचालनालयाचं नोंदणीपत्र होतं, समन्वयकाने ते बघायला मागितलं. महाराष्ट्राच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशी नोंदणी लागते. लाइफ जॅकेट घातल्यावर गाइडने प्रत्येकाचे खांद्याचे पट्टे धरून वर ओढले. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते सैल आहे, पुन्हा आवळायचं. चष्मे दोरीने बांधले. पडलात तर पाठीवर तरंगा, पाय प्रवाहाच्या दिशेने आणि वर, उभं राहायचा प्रयत्न नको, कारण पाय दगडांत अडकला की प्रवाह अंगावरून जातो, हे दोनदा सांगून घोकून घेतलं. पोहता न येणारा गेला, आणि हसतच परत आला. रक्तदाबवाल्याने स्वतःच न जायचं ठरवलं.

दुखापत

अपघात झाला तो दुपारी दोन वाजता, कोणाच्याही यादीत नसलेल्या जागी.

जेवण झालं होतं. पाणी ओसरायला लागलं होतं, नदी पुन्हा संथ आणि उथळ. सकाळच्या खळखळाटानंतर ती निरुपद्रवी वाटत होती. दोघे-तिघे पाय बुडवायला खाली गेले. त्यातली एकजण अनवाणी, हातात मोबाइल, फोटोसाठी एका रुंद खडकावर चढली. तो खडक तासाभरापूर्वी पाण्याखाली होता. रोज पाण्याखाली जाणाऱ्या-येणाऱ्या खडकांवर शेवाळाचा पातळ, जवळजवळ न दिसणारा थर असतो. पाणी नुकतंच ओसरलेलं असताना तो सगळ्यात निसरडा, आणि ऊन लागून पूर्ण वाळल्यावर पुष्कळ बरा. ती घसरली, उजवा हात टेकला, मनगट मोडलं.

गाइड वर जेवत होते. लाइफ जॅकेट शेडमध्ये रचलेली होती. पाणी अडीच फूट होतं, त्यामुळे बुडायचा प्रश्न आला नाही. तो केवळ योग.

फिजिओथेरपिस्टने केलं ते क्रमाने असं. तिला पाण्याबाहेर काढून सावलीत बसवलं. सूज यायच्या आधी त्या हाताची अंगठी साबण लावून काढली, बांगड्याही काढल्या. या कामाला उशीर झाला की अंगठी कापावी लागू शकते. हात आहे त्याच अवस्थेत ठेवून, सरळ करायचा प्रयत्न न करता, जाड गुंडाळी केलेलं वर्तमानपत्र कोपरापासून बोटांच्या मुळापर्यंत खाली धरलं आणि बँडेजने बांधलं. ओढणीची झोळी करून हात छातीशी घेतला. बोटांची नखं दाबून सोडली, रंग दोन सेकंदांत परत येतोय, बोटं हलतायत, बधिर नाहीत, हे बघितलं आणि गाडीतही अधूनमधून बघत राहिली. खायला दिलं नाही, भूल द्यावी लागली तर म्हणून. कॅम्पच्या प्रथमोपचार पेटीत बँडेज होतं, बाकी मुदत संपलेलं मलम आणि सुटा कापूस.

१०८ ला फोन लावला. माणूस शुद्धीवर, रक्तस्राव नाही, गाडी हाताशी, मग वाट न बघता स्वतःच न्यायचं ठरलं. इथे एक गोष्ट उघडी पडली. तीन गाड्यांच्या तीन चालकांपैकी दोघांनी जेवताना बिअर घेतली होती. "संध्याकाळी सहाला निघायचं आहे, तोवर उतरते." तिसरा घेत नव्हता म्हणून निभावलं. त्याने तिला, तिच्या नवऱ्याला आणि फिजिओथेरपिस्टला घेऊन माणगावचं सरकारी रुग्णालय गाठलं. एक्स-रे झाला, तात्पुरतं प्लास्टर घातलं, आणि उजेड असेतो ताम्हिणी चढून गाडी पुण्याला निघाली. घाटात मोबाइलला रेंज जाते, म्हणून निघायच्या आधीच पुण्यातल्या हाडांच्या डॉक्टरला फोटो पाठवून वेळ घेतली होती. बाकी चार जण दोन गाड्या घेऊन रात्री उशिरा निघाले. चालकांना चार तास थांबवूनच.

वेगळं काय करता आलं असतं

बुकिंगच्या वेळी एजंटला नव्हे, कॅम्पवरच्या माणसाला फोन करायला हवा होता, आणि एकच मागणी करायला हवी होती: सकाळी नऊ वाजता, पाणी भरात असताना, तंबूच्या दारातून नदीकडे एक आणि मागे पायऱ्यांकडे एक, असे दोन फोटो पाठवा. जाहिरातीतले फोटो दुपारच्या सोनेरी उन्हातले असतात, म्हणजे पाणी सगळ्यात खाली असतानाचे. मागच्या दिशेचा फोटो आला असता तर पन्हळ पुण्यातच दिसलं असतं.

नदीबद्दलचा प्रश्न कोणाला विचारला, यानेही फरक पडला. व्यवस्थापकाला कॅम्प भरलेला हवा असतो आणि त्याचा अनुभव 'काही झालं नाही' या प्रकारचा असतो. गाइड रोज त्या पाण्यात असतो. त्याला "सुरक्षित आहे का?" असं विचारलं तर तोही "हो" म्हणेल. मालकासमोर दुसरं काय म्हणणार? "रात्री कधी पाणी येतं का? कुठून येतं?" असं विचारलं की तो माहिती सांगतो.

गटाने एक चूक मात्र ठळक केली. झोपायच्या जागेवर दोन तास खर्च केले आणि त्यातून आलेली हुशारी शनिवारीच संपवली. 'पाण्यात उतरण्यावर एकाचा नकार पुरे' ही स्वतःचीच रीत रविवारी दुपारी कोणाला आठवली नाही, कारण पाय बुडवायला जाणं हे 'उतरणं' कोणी धरलंच नाही. खाली जाताना पायात घट्ट बसणारे, पट्ट्याचे आणि खडबडीत तळाचे सँडल असते, हात मोकळे असते, आणि नुकत्याच उघड्या पडलेल्या खडकांऐवजी वाळूच्या बाजूने गेले असते, तर मनगट वाचलं असतं. चपला चालत नाहीत, त्या पायातून निघतात.

चालकांपुरता नियम आधीच ठरायला हवा होता: निघेपर्यंत प्रत्येक वेळी किमान एक गाडी आणि एक न प्यायलेला चालक तयार. आपल्याकडे दारूची चर्चा राफ्टिंगपुरती आणि परतीच्या प्रवासापुरती होते, मधल्या चार तासांची होत नाही.

प्रथमोपचार पेटी स्वतःची न्यावी. दोन क्रेप बँडेज, एक त्रिकोणी कापड, निर्जंतुक गॉझ, चिकटपट्टी, कात्री, पॅरासिटामॉल, ओआरएसची चार पाकिटं, आणि ज्याच्या त्याच्या नेहमीच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या. तीनशे-चारशे रुपयांत होतं. कोकणात साप आहेतच, तेव्हा जवळचं सर्पदंशावरचं प्रतिविष असलेलं रुग्णालय कुठलं, हे पोचल्यावर नाही तर निघतानाच विचारून कागदावर लिहून ठेवावं.

कॅम्पच्या बाजूने सांगायचं तर उपाय खर्चाचा नाही. तंबू कायमचे वर घ्यायचे आणि खालची जागा बैठकीसाठी ठेवायची. पन्हळाच्या तोंडाशी रंगवलेला एक खांब, त्यावर एक रेषा: पाणी इथे आलं की सगळे वर. दुपारी पाणी ओसरताना एक माणूस खाली हजर, तेवढाच त्याचा पगार वाढेल. समन्वयकाने हे सगळं व्यवस्थापकाला लिहून पाठवलं. त्याने अंगठा दाखवणारं चिन्ह पाठवलं. पुढच्या महिन्यात जाहिरातीतले तंबू तिथेच होते.

परिणाम

मनगटाला शस्त्रक्रिया लागली नाही. सहा आठवडे प्लास्टर, मग दोन महिने व्यायाम, तोही गटातल्याच फिजिओथेरपिस्टकडे. 'रिव्हर व्ह्यू'चे माणशी २०० परत मिळाले.

विम्याचं मात्र जमलं नाही. राफ्टिंगच्या शुल्कात विमा आहे असं पावतीवर छापलेलं होतं, म्हणून तिच्या नवऱ्याने दावा केला. उत्तर आलं की विमा बोटीत बसल्यापासून उतरेपर्यंतचा आहे. जेवणानंतर खडकावर चढणं त्यात येत नाही. तिच्या स्वतःच्या आरोग्य विम्यातही रात्रभर दाखल न होता झालेल्या उपचाराचा खर्च बसत नव्हता. एक्स-रे, प्लास्टर आणि तपासण्या मिळून झालेले सुमारे ११,००० रुपये आठ जणांत वाटून घ्यायचे का, यावर ग्रुपवर दोन दिवस चर्चा चालली. तिने नको म्हटलं, बाकीच्यांनी तरीही पाठवले.